स्क्वॉल आला तर गाडी कुठे थांबवायची?

पत्र

ताई, स. न. वि. वि.

आम्ही हॅरिसबर्गजवळ राहतो. मुलगी बिंगहॅम्टनला शिकते. मार्चमध्ये स्प्रिंग ब्रेक संपवून तिला सोडायला निघालो तेव्हा घराबाहेर लख्ख ऊन होतं. एटीवन (आय-81) हायवेवर उत्तरेकडे जाताना, हेझल्टनच्या अलीकडच्या डोंगराळ भागात माझा फोन मोठ्याने वाजला. स्नो स्क्वॉलचा, म्हणजे अचानक येणाऱ्या बर्फाच्या जोरदार सरीचा, इशारा होता. मी म्हटलं, पुढच्या एक्झिटला उतरू या. यजमान म्हणाले, "खंडाळ्याच्या घाटात रात्री धुक्यात गाडी चालवलीये मी. आणि आपली गाडी ऑल-व्हील आहे." थोड्याच वेळात सगळं पांढरं झालं, पुढच्या गाडीचे दिवेही दिसेनात. त्यांनी गाडी शोल्डरवर, म्हणजे हायवेच्या कडेच्या पट्टीवर घेतली, चारही इंडिकेटर लावले आणि आम्ही बसून राहिलो. शेजारून ट्रक जाई तेव्हा गाडी हादरायची. मग एकाएकी बर्फ थांबला आणि ऊन पडलं. आम्हाला काही झालं नाही.

यजमान अजून म्हणतात, "थांबलो तेच शहाणपणाचं होतं." माझं मन मानत नाही. आता थँक्सगिव्हिंगला लेक मैत्रिणीच्या जुन्या गाडीतून त्याच रस्त्याने येणार आहे. आम्ही केलं ते बरोबर होतं का? आणि तिला काय सांगू? मी बोलायला लागले की ती म्हणते, "आई, तू उगाच घाबरतेस."

— एक आई, पेनसिल्व्हेनिया

उत्तर

ताई, तुमचं मन मानत नाही ते योग्यच आहे. त्या वेळी शोल्डरवर थांबणं फार धोक्याचं होतं. तुम्ही सुखरूप आहात याचा मला मनापासून आनंद आहे. पण सुखरूप राहिलात म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही. यजमानांनी थांबायचं ठरवलं ते बरोबर होतं, पण वेळ आणि जागा दोन्ही चुकली. थांबायचं होतं ते फोन वाजला तेव्हा, पुढच्या एक्झिटला उतरून, पेट्रोल पंपाच्या आवारात. तुम्ही तेच सांगत होतात.

मी सिरॅक्यूजच्या भागात राहते. ऑन्टारिओ तलावावरून येणाऱ्या बर्फाशी आमची दर हिवाळ्यात गाठ असते. त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार आहे. हा विषय मला दोन ओळींत उरकायचा नाही.

आधी स्क्वॉल म्हणजे काय ते यजमानांना नीट सांगायला हवं, कारण आपल्यापैकी पुष्कळ जण त्याला छोटं हिमवादळ समजतात. मोठ्या हिमवादळाची बातमी तीन-चार दिवस आधी येते. शाळा बंद होतात, दुकानांतला ब्रेड संपतो, माणसं घरी बसतात. स्क्वॉलचं तसं नसतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात वळवाची सर येते, रस्त्याच्या या टोकाला धो धो पाऊस आणि त्या टोकाला कोरडी धूळ, तसा हा बर्फाचा वळीव असतो. उत्तरेकडून अतिशय थंड हवेचा लोट येतो, खालची जमिनीलगतची हवा त्या मानाने उबदार असते, ती झपाट्याने वर उचलली जाते आणि डोंगररांगांवर बर्फाचा अरुंद पट्टा तयार होतो. सोबत जोराचा वारा असतो. एका जागी हा प्रकार बहुतेक वेळा तासाभराच्या आत संपतो. मोठ्या तलावांवरून येणारे पट्टे जास्त वेळ टिकतात, कधी कधी पार स्क्रॅन्टनच्या बाजूपर्यंत पोचतात. पण तुम्हाला गाठलं ते बहुधा पहिल्या प्रकारातलं, थंड हवेच्या आघाडीबरोबर धावत आलेलं असावं.

मार्च महिना आहे, ऊन पडलंय, म्हणून निर्धास्त राहायचं कारण नाही, उलट सावध व्हायचं कारण आहे. वर कडाक्याची थंड हवा असताना मार्चचं ऊन जमीन तापवतं, त्यामुळे हवा जोरात वर चढते. म्हणूनच हिवाळ्याच्या शेवटी असे स्क्वॉल ऐन दिवसाउजेडी येतात. शिवाय टीव्हीवर त्या दिवशी "एक इंच बर्फ" इतकंच सांगितलेलं असतं. एक इंच ऐकून कोण घरी बसतं? पण स्क्वॉलमध्ये इंच मोजायचे नसतात. तो एक इंच वीस मिनिटांत पडतो आणि तेवढ्या वेळात डोळ्यांसमोर काही राहत नाही.

आता तुमच्याच रस्त्याचं सांगते. 28 मार्च 2022, सोमवार, सकाळी साडेदहाच्या सुमाराची वेळ. एटीवन नॉर्थवर, स्कूलकिल काउंटीत, म्हणजे तुम्ही ज्या डोंगराळ भागाचं लिहिलंय तिथेच, स्क्वॉल आला. पुढच्या गाड्या अचानक मंदावल्या, काही थांबल्या, आणि मागून येणाऱ्यांना त्या दिसल्याच नाहीत. सुमारे 80 वाहनं एकमेकांवर आदळली. त्यात मोठे ट्रक होते, ट्रकांना आग लागली, 6 माणसं गेली. दुसऱ्या दिवशीही तो रस्ता खुला झाला नव्हता. आणि हवामान खात्याचा इशारा होता, ताई. इशारा नव्हता म्हणून हे घडलं असं नाही.

त्याचे व्हिडिओ इंटरनेटवर आहेत. ते लेकीला पाठवावेत असं मी सांगणार नाही. तुम्हाला स्वतःला बघवले तर यजमानांबरोबर एकदा बघा. त्यात एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या टकरीनंतर सगळं शांत होत नाही. एक गाडी आदळते, क्षणभर काही होत नाही, मग धुरकट पांढऱ्या पडद्यातून एक ट्रक पूर्ण वेगात बाहेर येतो. मग पुन्हा एक. ट्रकवाल्याला पडद्यापलीकडे काय वाढून ठेवलंय याची काही कल्पना नसते.

यजमानांना गणित पटत असेल तर हे सांगा. त्या रस्त्यावर गाड्या 65-70 मैलांच्या वेगाने जातात. ताशी 65 मैल म्हणजे सेकंदाला जवळपास 29 मीटर. जोरदार स्क्वॉलमध्ये तीस मीटरच्या पुढचं दिसत नाही, म्हणजे जेवढं दिसतंय ते एका सेकंदात संपतं. माणसाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक-दीड सेकंद लागतो. कोरड्या रस्त्यावर त्या वेगाने ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला ढोबळमानाने 60 मीटर लागतात, दाबून बसलेल्या बर्फावर 200, आणि काचेसारख्या बर्फावर 400. हे आपल्या गाडीचं झालं. भरलेल्या ट्रकचं वजन इथे 80,000 पौंडांपर्यंत असू शकतं.

काचेसारखा बर्फ येतो कुठून हेही समजून घ्यायला हवं. ऊन पडलेलं असतं, रस्ता किंचित तापलेला असतो. स्क्वॉलचा पहिला बर्फ त्यावर पडतो तो वितळतो. रस्ता नुसता ओला दिसतो आणि गाडी चालवणाऱ्याला वाटतं, ठीक आहे, बर्फ साचत नाहीये. तेवढ्यात मागची थंड हवा येते, तापमान पटकन खाली उतरतं आणि ते पाणी गोठतं. त्यावर ताजा बर्फ पडून ते झाकलं जातं. मिठाचे ट्रक इतक्या कमी वेळात पोचू शकत नाहीत, आणि आधी मीठ टाकलेलं असलं तरी एवढ्या माऱ्यापुढे ते पुरत नाही. आपल्याला दिसतो वरचा भुसभुशीत बर्फ, टायर फिरत असतात खालच्या काचेवर.

म्हणून खंडाळ्याच्या धुक्याचा अनुभव इथे अर्धाच उपयोगी पडतो. घाटात धुक्यात समोरचं दिसत नाही, पण टायरखाली डांबर असतं. शिवाय घाटात सगळेच हळू असतात आणि धुकं सुरू झाल्याचं सगळ्यांना ठाऊक असतं. इथे दोन मैल मागे ऊन असतं. तुमच्या मागून येणारा ट्रक अजून उन्हात, पूर्ण वेगात, एका हातात कॉफी धरून येत असतो. ऑल-व्हील गाडीचंही तेच. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून निघते छान, चढ चढते छान, पण थांबताना तिचा काही फायदा नसतो. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात. मला तर वाटतं, ऑल-व्हीलमुळे निघताना इतकं सोपं वाटतं की माणूस वेग कमी करायचाच विसरतो.

आणि शोल्डर. तुमच्या प्रश्नातला हाच भाग महत्त्वाचा. काही दिसत नसताना चालक काय करतो? पुढच्या लाल दिव्यांच्या मागे मागे जातो. लेनच्या रेषा बर्फाखाली गेलेल्या असतात, तेव्हा ते दिवे म्हणजेच रस्ता असं तो धरून चालतो. तुमचे चार इंडिकेटर त्याला दिसतात ते अगदी शेवटच्या क्षणी, आणि तो सरळ तुमच्यावर येऊ शकतो, कारण त्याला वाटतं तुम्ही लेनमध्ये चालला आहात. पुढे टक्कर झाली तर घसरणारी वाहनंही बाजूला शोल्डरवरच येतात. गाडी हादरत होती असं तुम्ही लिहिलंय. त्या ट्रकांचं अंतर तुमच्या आरशापासून काही फुटांचंच असणार.

मग करायचं काय? खरं काम स्क्वॉलच्या आधीच उरकायचं असतं. निघायच्या दिवशी सकाळी राष्ट्रीय हवामान सेवेचा अंदाज वाचा. त्यांचं एक कार्यालय बिंगहॅम्टनमध्येच आहे. इंच किती सांगितलेत यापेक्षा त्यात "स्क्वॉल" हा शब्द आहे का ते बघा. असला तर थंड आघाडी कुठल्या वेळी कुठे पोचेल याचा अंदाजही दिलेला असतो. दोन-तीन तास उशिरा निघाल्याने बहुतेक वेळा सगळा प्रश्नच मिटतो. रडारवरच्या चित्रावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. स्क्वॉलचे ढग फार उंच नसतात, लांबच्या रडारचा झोत कधी कधी त्यांच्या डोक्यावरून जातो, आणि चित्रात काही नाही म्हणून आपण निघतो. रस्त्याची स्थिती बघायला पेनसिल्व्हेनियात 511 ची सेवा आहे, न्यूयॉर्कातही आहे. लेकीच्या फोनमध्ये दोन्ही राज्यांची ॲप घालून द्या, कारण तिचा रस्ता दोन्हीतून जातो.

फोनवर येणारा इशारा 2018 पासून देशभर दिला जातो. तो नकाशावर छोटा भाग आखून दिलेला असतो आणि साधारण अर्ध्या ते एक तासासाठी असतो. म्हणजे तो आला याचा अर्थ संध्याकाळी कधीतरी बर्फ पडेल असा नसून, तुम्ही आहात त्या जागी आत्ता किंवा थोड्याच वेळात पडणार आहे, असा असतो. मात्र प्रत्येक स्क्वॉलला फोन ओरडेलच असंही नाही. जास्त गंभीर वाटणाऱ्यांसाठीच ती मोठी घंटा ठेवलेली आहे. तेव्हा ती वाजली की वाद नको. आणि ती बंद तर नाही ना हे बघा. पुष्कळ मुलांनी रात्री झोपमोड होते म्हणून हे इशारे बंद करून टाकलेले असतात. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सच्या पानावर अगदी तळाशी सरकारी इशाऱ्यांचे पर्याय असतात. लेक घरी आली की तिच्यासमोर बसून ते चालू करून घ्या.

इशारा आला की पुढच्या एक्झिटला उतरायचं. शीट्झसारखं पंपावरचं दुकान असेल, कुठलं तरी मॅकडॉनल्ड असेल, साधा पेट्रोल पंप असेल, काहीही चालेल. रेस्ट एरियाही चालेल, फक्त गाडी आतल्या पार्किंगमध्ये न्या, बाहेर पडायच्या रॅम्पवर उभी करू नका. रॅम्पवर थांबणं शोल्डरइतकंच वाईट. चहा-कॉफी घ्या, घरी फोन करा. बर्फ थांबला, ऊन आलं, की लगेच निघायचं नाही. आणखी थोडा वेळ जाऊ द्या, मिठाचे ट्रक एकदा फिरू देत. बर्फ गेला तरी त्याखालची काच अजून रस्त्यावर असते, आणि आघाडीच्या मागे कधी कधी दुसरा स्क्वॉलही येतो.

एक्झिट दूर आहे आणि त्याआधीच स्क्वॉलने गाठलं, असंही होईल. सगळ्यात आधी पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा. ब्रेकवर दाणकन पाय द्यायचा नाही. क्रूझ कंट्रोल बंद. नव्या गाड्यांमधला आपोआप अंतर राखणारा क्रूझही बंद, कारण पुढच्या कॅमेऱ्यावर आणि सेन्सरवर बर्फ चिकटला की तो मध्येच हात वर करतो. लेन बदलायची नाही, ओव्हरटेक तर नाहीच. पुढच्या गाडीपासूनचं अंतर एरवीपेक्षा कितीतरी जास्त ठेवायचं. वेग हळूहळू कमी करत आणायचा. 35 मैलांवर आणलात तरी दाबून बसलेल्या बर्फावर थांबायला 60 मीटरच्या घरात लागतात, म्हणजे कोरड्या रस्त्यावर 65 ला लागतात तेवढेच. पण लेनमध्ये उभं राहायचं नाही. सरकत राहायचं आणि पहिल्या एक्झिटला बाहेर पडायचं. घसरताना ब्रेक दाबावाच लागला आणि पायाखाली पेडल थरथरायला लागलं तर घाबरून पाय उचलू नये, ते अँटी-लॉक ब्रेक काम करत असल्याचं लक्षण आहे. दाबून धरायचं आणि जिकडे जायचंय तिकडे बघत स्टिअरिंग फिरवायचं.

दिव्यांबद्दल एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते, ती लेकीला जरूर दाखवा. हल्लीच्या गाड्यांना पुढे दिवसा आपोआप लागणारे दिवे असतात. ते लागलेले दिसले की आपल्याला वाटतं, दिवे चालू आहेत. पण पुष्कळ गाड्यांमध्ये त्या वेळी मागचे लाल दिवे बंदच असतात. स्क्वॉल दिवसा आला तर आजूबाजूला पांढरा उजेड भरपूर असतो, त्यामुळे "ऑटो"वर ठेवलेलं बटणही फसतं, त्याला वाटतं दिवस आहे. मागून येणाऱ्याला अशी गाडी दिसतच नाही. म्हणून बटण हाताने फिरवून हेडलाइट लावायचे, आणि लो बीमवर. हाय बीम समोरच्या बर्फावर आदळून उलट आपल्याच डोळ्यांत येतो. एखाद्या दुपारी घरासमोर गाडी उभी करून लेकीला मागे उभं करा, तुम्ही बटण फिरवा, आणि मागचे दिवे नेमके कधी लागतात ते तिला बघू द्या. मैत्रिणीच्या गाडीचंही तिला असंच बघायला सांगा.

टक्कर झालीच तर? इथे मी जपून लिहिते, कारण एकच उत्तर सगळीकडे लागू पडत नाही. गाडीतून उतरून दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहणं, नुकसान किती झालं ते बघणं, फोटो काढणं, यातलं काहीही करायचं नाही. मागून वाहनं येत असताना गाडीचा पत्रा आणि सीट बेल्ट हाच आधार असतो. दिसतच नसेल, रस्ता ओलांडावा लागणार असेल, तर बेल्ट बांधून आतच बसायचं आणि 911 ला फोन करायचा. पण गाडी रस्त्याच्या अगदी कडेला असेल, त्या बाजूचं दार उघडत असेल, आणि लेन न ओलांडता कठड्यापलीकडे, रस्त्यापासून खूप लांब जाता येत असेल, तर जावं, आणि कोट घालूनच जावं. गाडीला आग लागली किंवा धूर येऊ लागला तर अर्थातच आत बसायचा प्रश्न येत नाही. 911 ला सांगताना रस्ता, दिशा आणि मैलाचा आकडा लागतो. हायवेच्या कडेला छोट्या पाट्यांवर तो लिहिलेला असतो. लेकीला सवय लावा, रस्त्यात अधूनमधून त्या आकड्यांकडे लक्ष ठेवायची. "हेझल्टनच्या जवळपास कुठेतरी" असं सांगितलं तर ॲम्ब्युलन्सला शोधत बसावं लागतं.

अपघात पुढे झाला आणि तुम्ही मागे रांगेत अडकलात, तर स्क्वॉल संपला तरी तासन् तास गाडीत बसावं लागू शकतं. इथे दुसरं संकट असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. इंजिन चालू ठेवून हीटर लावला आणि सायलेन्सरचा पाइप बर्फात बुजला, तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत भरतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गुंगी येते, आणि माणसाला वाटतं थकव्याने झोप येतेय. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ बघायला गेलेल्या पर्यटकांच्या गाड्या अशाच अडकल्या. वीसहून अधिक माणसं गाड्यांमध्येच गेली, त्यात लहान मुलंही होती. त्याच वर्षी डिसेंबरात बफेलोच्या हिमवादळात चाळीसहून अधिक लोक गेले, त्यातले काही अडकलेल्या गाड्यांमध्ये होते. म्हणून मागचा पाइप आधी मोकळा करायचा, तोही आजूबाजूची वाहनं पूर्ण थांबलेली असतील तरच उतरून. मग तासाला दहाएक मिनिटंच इंजिन चालवायचं, आणि तेवढा वेळ ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर खाली ठेवायची. गाडी सोडून मदत शोधायला पायी निघायचं नाही.

यासाठी टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. डिकीत ब्लँकेटं, जाड मोजे, छोटं फावडं, पाणी, खायला शेंगदाण्याची चिक्की किंवा तसलंच काही, आणि फोनचा चार्जर एवढं असू द्या. आपल्या मुली गाडी गरम असते म्हणून कोट मागच्या सीटवर फेकून, पायात सपाता घालून प्रवास करतात. बूट आणि कोट हाताशी हवेत, डिकीत नकोत. काच धुण्याचं पाणी मात्र आवर्जून बघा. उन्हाळ्यात भरलेलं साधं असेल तर ते स्क्वॉलमध्ये काचेवर उडवल्याबरोबर गोठतं आणि होतं नव्हतं तेही दिसेनासं होतं. उणे 20 फॅरनहाइटपर्यंत चालणारं लिहिलेलं मिळतं, तेच आणा.

आता यजमानांबद्दल. ताई, तुमच्या पत्रात स्क्वॉलइतकाच हाही विषय आहे असं मला वाटलं. इशारा तुमच्या फोनवर आला, तुम्ही योग्य सल्ला दिलात, आणि तो बाजूला सारला गेला. आता "मी म्हणत होते ना" असं म्हणून काही साधणार नाही, ते आणखी हट्टाला पेटतील. त्यांचा अनुभव खोटा नाही. घाटातल्या धुक्यात शांत डोक्याने गाडी चालवणारा माणूस घाबरून काहीतरी करणाऱ्यातला नाही, आणि थांबायला हवं हे त्यांना कळलंच की. पण चालत्या गाडीत, 65 च्या वेगाला, बायकोने काही सुचवायचं आणि नवऱ्याने ते मानायचं की नाही ते ठरवायचं, ही वेळच येऊ देऊ नये. घरीच, जेवणाच्या टेबलावर बसून ठरवून टाका की इशारा आला की पुढची एक्झिट. कोण चालवतंय, कोणाला कामावर पोचायचंय, गाडी कुठली आहे, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. शेजारी बसणाऱ्याच्या हातात फोन असतो आणि नजर मोकळी असते, तेव्हा "उतरायचं" हा शब्द त्यानेच काढायचा आणि चालवणाऱ्याने उतरायचं. ही गोष्ट त्यांनीच लेकीला फोनवर सांगावी असं मी सुचवेन. वडील स्वतः सांगतील की "आपण मार्चमध्ये शोल्डरवर थांबलो होतो, तू तसं करू नकोस", तर ती ऐकेल. आणि त्यांचंही मन त्यात आपोआप वळेल.

लेक तुम्हाला उगाच घाबरतेस म्हणते त्याचं वाईट वाटून घेऊ नका. "जपून ये, हळू चालव" हे आपण सगळ्याच आया सांगतो आणि मुलं ते कानाआड करतात, कारण त्यात नेमकं काही करायला सांगितलेलं नसतं. तिला मोजक्या आणि स्पष्ट गोष्टी द्या. इशारा आला की एक्झिट. दिवे हाताने लावायचे. शोल्डरवर थांबायचं नाही. आणि एक गोष्ट तुम्ही तिला द्या, ती सगळ्यात मोठी आहे: उशीर झाला तरी चालेल, हे मनापासून सांगा. टर्की थंड होईल, पाहुणे जेवून जातील, गुरुवारऐवजी शुक्रवारी येईल, काही बिघडत नाही. मुलं वेळेवर पोचायच्या धडपडीत असतात, ती बऱ्याचदा आपण वाट बघत असतो म्हणूनच. रस्त्यात असताना सारखे फोन करू नका. ती थांबली की तिने मेसेज करायचा, एवढंच ठरवा. वाटेत मोटेलमध्ये रात्र काढायची वेळ आली तर पैसे तुम्ही द्याल हे आधीच सांगून ठेवा. कॉलेजातली मुलं शंभर डॉलर वाचवायला रात्री निघतात.

मैत्रिणीच्या जुन्या गाडीबद्दल तुम्हाला काळजी आहे ती रास्त आहे, पण गाडी जुनी असण्यापेक्षा टायर जुने असणं वाईट. एक क्वार्टर, म्हणजे 25 सेंटचं नाणं घ्या, वॉशिंग्टनचं डोकं खाली करून टायरच्या खाचेत धरा. डोक्याचा वरचा भाग पूर्ण दिसत असेल, तर खाच बर्फासाठी पुरेशी उरलेली नाही, मग टायर कागदोपत्री कायदेशीर का असेना. आणि जमलं तर हिवाळी टायर, ज्यांच्यावर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह असतं ते. साध्या "ऑल-सीझन" टायरचं रबर थंडीत कडक होतं आणि पकड सुटते, हिवाळी टायरचं मऊ राहतं. चारही बदलावे लागतात, दोन बदलून भागत नाही. खर्च मोठा आहे हे मला कळतं, आणि गाडी दुसऱ्याच्या मुलीची आहे. पण त्या मुलीच्या आईला फोन करून बघा. तिलाही हीच काळजी असेल, आणि दोन घरांत खर्च वाटून घेता येईल. हे काम नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच उरकून घ्या, पहिला बर्फ पडल्यावर टायरवाल्यांकडे आठ-आठ दिवस नंबर लागत नाही.